संकल्प असावा यथाशक्ति

आषाढी एकादशीच्या पर्वकाळी देहाच्या वजनाविषयी लिहावे, हे कित्येक वाचकांना विचित्र वाटेल. वैष्णवांचा मेळा जमला असता, नामघोषाने वाळवंट दुमदुमत असता, हे बुवा वजनकाट्याच्या गोष्टी कसल्या सांगत बसले, असेही कोणी म्हणेल. पण आज घरोघरी उपवास आहे. आणि अलीकडे कीर्तन आटोपल्यावर भेटावयास येणारी मंडळी उपवासाविषयी जो प्रश्न सर्वांत अधिक विचारतात, तो पुण्याचा नसतो. "बुवा, एकादशी धरली म्हणजे वजन उतरेल ना?" हा तो प्रश्न होय. विचारणाऱ्यांत चाळिशीच्या गृहिणी असतात, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारे तरुण असतात, जिना चढताना धाप लागणारे वृद्ध असतात. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी ही त्यामागून येणारी पिलावळ आपल्या घराघरांत आहे.

या प्रश्नाचे नीट उत्तर आम्हांस बरेच दिवस सुचत नव्हते. ते सुचले एका दूरध्वनीमुळे. आमची एक पुतणी अमेरिकेत ह्यूस्टन शहरी राहते. तिकडच्या राहणीने तिचे वजन वाढले आहे. तिची शेजारीण मोठी भाविक ख्रिस्ती बाई. ती दर आठवड्यास आपल्या चर्चमधील एका वर्गाला जाते व हिलाही एकदा सोबत घेऊन गेली. तेथे प्रथम प्रार्थना होते, मग बायबलातील एका भागाचे वाचन व मनन. नंतर प्रत्येक जण आठवड्यात काय खाल्ले याची वही काढतो, वजन करतो, आणि कोणाचे पाऊल घसरले असेल तर इतर जण त्याला धीर देतात. शेजारणीचे वजन ९० किलोंच्या वर. तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले उद्दिष्ट असे होते: तीन महिन्यांत ४ किलो, रात्रीच्या जेवणानंतर काही खाणे नाही, रोज सकाळी अर्धा तास चालणे.

"काका, मी तिला म्हटलं, एवढंच? तर ती म्हणाली, देव माझ्याकडून आत्ता एवढंच मागतो आहे. पुढचं तो पुढच्या तीन महिन्यांत मागेल."

पुतणीने पुढे विचारले, "आपल्याकडे इतके उपवास, इतकी व्रतं, मग असं काही का नाही?" त्या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो, आणि म्हणून त्या बाईच्या मार्गाची थोडी चौकशी केली.

एकादशीच्या दिवशी परधर्मीयांचे उदाहरण कशाला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिला आमचे उत्तर एवढेच की, फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने १६१६ साली गोमंतकात आपले ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने मराठी भाषा आणि आपल्या पुराणांची ओवी निःसंकोच स्वीकारली होती. चांगले दिसले ते घेण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आपल्यालाही वाटू नये.

ह्यूस्टनच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये १९८१ साली 'फर्स्ट प्लेस' या नावाचा उपक्रम निघाला. पुढे तो अमेरिकेतील अनेक चर्चांत पसरला. या नावाचा अर्थ 'पहिले स्थान'. पहिले स्थान कोणाला? देवाला. वजन दुसऱ्या स्थानी. देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर मानावे, ही संत पॉलने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रातील शिकवण तेथील भाविक प्रमाण मानतात. देहाला देवालय मानण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पण देवालयाचा झाडू रोज मारायचा असतो. वर्षातून एकदा सगळे देऊळ धुऊन काढले आणि उरलेले दिवस जळमटे साठू दिली, तर त्याला सेवा म्हणत नाहीत. शेजारणीचे ४ किलो हे रोजच्या झाडूसारखे आहेत.

वैद्यकशास्त्रही तिच्याच बाजूचे आहे. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली तीन हजारांवर माणसे त्यात होती. त्यांपैकी एका गटाला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: वजनाचा ७ टक्के भाग उतरवा आणि आठवड्यास १५० मिनिटे चाला किंवा तसा व्यायाम करा. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. एवढ्याने त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. लक्षात घ्या, कोणालाही विशीतला देह परत मिळवा असे सांगितले नव्हते. आठवड्यास अर्धा ते एक किलो, त्याहून अधिक घाई नको, असेच डॉक्टर सर्वसाधारणपणे सांगतात. 

मग श्रद्धेचे काम ते कोणते? लहान संकल्प करावयास बुद्धी पुरते. तो लहान आहे म्हणून न लाजता दिवसामागून दिवस पाळावयास श्रद्धा लागते. ख्रिस्ती परंपरेत ही समज फार जुनी आहे. सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्ट याने आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांत जेवणाचे माप आहे. दोन शिजवलेले पदार्थ असावेत, म्हणजे एक ज्याला चालत नाही तो दुसरा खाईल, पाव माणशी दिवसास एक पौंड, कष्टाचे काम पडले तर मठाधिपतीने वाढवून द्यावे, लहान मुलांना कमी, आजाऱ्यांना सवलत. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात प्रत्येकाने आपल्या खुषीने आणखी काही सोडावे, असेही तो म्हणतो. परंतु लगेच अट घालतो की, काय सोडणार ते आधी मठाधिपतीला सांगून त्याची अनुमती घ्यावी. अनुमतीवाचून केलेला कडकपणा हा पुण्यात जमा होत नसून अहंकारात जमा होतो. चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या संन्याशाला माणसाचे मन किती नेमके कळले होते! उपवासाचा अतिरेक हीही जिभेचीच दुसरी हाव आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनीही अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे एकाच दमात सांगून ठेवले आहे.

पण या मार्गावर एक खड्डाही आहे, आणि तो त्यांच्याकडच्या इतिहासातच स्पष्ट दिसतो. १९५७ साली चार्ली शेड नावाच्या अमेरिकन पाद्र्याने प्रार्थनेने वजन घटविण्याविषयी एक पुस्तक लिहिले. त्यात लठ्ठपणाला त्याने सरळ पापाच्या पंक्तीस बसविले. १९८६ साली टेनेसी राज्यात ग्वेन शॅम्ब्लिन या बाईंनी असेच वर्ग काढले. खरी भूक लागल्यावाचून खाऊ नये, खाण्याकडे धावणारे मन देवाकडे वळवावे, हा त्यांचा उपदेश काही वाईट नव्हता. हजारो लोक त्यांच्यामागे गेले. पुढे १९९९ साली त्यांनी आपला निराळा पंथ स्थापला, आणि तेथे सडपातळ देह हीच निष्ठेची खूण होऊन बसली अशी कडक टीका त्यांच्यावर झाली. देवाला दिलेले पहिले स्थान वजनकाट्याने केव्हा बळकावले, ते कळलेही नाही.

दुसऱ्याच्या घरातील हा खड्डा दाखविणे सोपे आहे. आम्ही स्वतः त्यात पडलो आहोत, आणि ते आज सांगितलेच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका एकादशीच्या कीर्तनात पूर्वरंगाला इंद्रियनिग्रहाचा विषय घेतला होता. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण सांगून आम्ही एका स्थूल भक्ताची नक्कल केली: तो कसा बसतो, कसा उठतो, खिचडीच्या पातेल्याकडे कसा पाहतो. सभामंडप हसला. हशा मिळाला की कीर्तनकाराची जीभ सैल सुटते. आम्ही आणखी दोन वाक्ये जोडली, आणि ज्याला जीभ आवरत नाही त्याची भक्ती कसली, असा समारोप केला. पुढच्या रांगेत नेहमी बसणाऱ्या, अंगाने स्थूल अशा एक बाई त्या दिवशी आरती होण्याआधीच उठल्या. पुन्हा महिनाभर दिसल्या नाहीत. चौकशी करता कळले की त्यांना थायरॉइडचा विकार आहे, दिवसातून एकदाच जेवतात, आणि तरी वजन हटत नाही. आम्ही त्यांच्या घरी जाऊन हात जोडले. त्या म्हणाल्या, "बुवा, तुमच्या बोलण्याचं काय एवढं? मी रोज आरशासमोर स्वतःला तेच बोलत असते."

ते वाक्य आम्ही विसरलेलो नाही. लाजवून कोणाचे वजन उतरत नाही. लाजलेला माणूस फार तर एकट्याने खाऊ लागतो आणि देवळात येणे बंद करतो. वजन हे भक्तीचे माप नव्हे. वजन वाढण्यास वय, विकार, औषधे, आईबापांकडून आलेली देहाची ठेवण अशी कितीतरी कारणे असतात. पांडुरंगाच्या पायी डोके ठेवताना तेथे वजनकाटा नाही, हे आम्ही कीर्तनकारांनी तरी विसरता कामा नये.

मग पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर काय? आपल्याकडे असे काही का नाही? वाचकहो, आहे, आपण ते वापरीत नाही एवढेच. कोणत्याही पूजेच्या आरंभी यजमान हातात पाणी घेऊन संकल्प सोडतो. त्यात काय असते ते आठवून पाहा. आपण कोणत्या स्थळी आहोत, आज संवत्सर कोणते, मास, पक्ष, तिथी, वार कोणता, करणारा कोण, त्याचे गोत्र कोणते, आणि तो नेमके काय करणार. शेवटी यथाशक्ति हा शब्द. आमच्या मते सगळ्या संकल्पाचा प्राण त्या एका शब्दात आहे. देवापुढेही माणसाने शक्तीबाहेरचे वचन देऊ नये, अशी ही शास्त्राची सोय आहे. "माझे वजन खूप कमी होऊ दे" याला संकल्प म्हणत नाहीत. ती नुसती इच्छा झाली. "आजपासून कार्तिकी एकादशीपर्यंत मी रात्रीचे जेवण आठाच्या आत घेईन आणि दुसऱ्यांदा भात वाढून घेणार नाही" हा संकल्प होय.

यात आणखी एक मर्म आहे. संकल्प कृतीचा करावा, किलोंचा नव्हे. कर्मावर आपला अधिकार आहे, फळावर नाही, हे गीतेचे तत्त्व आपण सभांतून ऐकतो. ते ताटावर बसतानाही तितकेच खरे आहे. ह्यूस्टनच्या बाईंनी ४ किलो लिहिले ते दिशा कळावी म्हणून. रोज पाळावयाचे ते खाण्याचे आणि चालण्याचे दोन नेम. काटा एखाद्या आठवड्यात हलणार नाही. नेम मात्र त्या आठवड्यातही पाळता येतो.

चरकाचार्यांनी तर याची रीतच घालून दिली आहे. स्थूलता आणि कृशता या दोन्ही टोकांना त्यांनी दोष मानले आहे. आणि अंगवळणी पडलेली अहितकर सवय एकदम तोडू नये, चतुर्थांश-चतुर्थांश करून क्रमाक्रमाने सोडावी व तितकाच हितकर भाग तिच्या जागी आणावा, असे त्यांनी सूत्रस्थानात सांगितले आहे. चार चमचे साखर घेणाऱ्याने आधी तीन घ्यावे. चार पोळ्या खाणाऱ्याने तीन खाऊन त्या जागी कोशिंबीर वाढून घ्यावी. आळंदीहून निघालेला वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट एका दिवसात तोडू पाहत नाही. आजचा मुक्काम कोठे आहे एवढेच तो पाहतो.

आजच्या ताटाविषयीही थोडे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास स्निग्धांश. वर तूप आणि बटाटा. अशा खिचडीच्या दोन बशा झाल्या की नेहमीच्या भाजीभाकरीपेक्षा पोटात अधिकच जाते. गंमत अशी की बटाटा, शेंगदाणा, रताळे आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हे सारे मूळचे अमेरिका खंडातले. आपण ते उपवासाला चालवून घेतले, याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार प्रमाणाबद्दल आहे. एक वाटी खिचडी, वाटीभर ताक, एखादे फळ, संध्याकाळी भगर किंवा उकडलेले रताळे एवढ्यात उपवास उत्तम होतो. आणि उद्या द्वादशीला पारणे फेडताना कालच्या उपवासाची वसुली करू नये.

आजपासून चातुर्मास लागत आहे. आपल्या आजी-पणजींनी या काळात कांदा-लसूण, वांगे, एखादे धान्य सोडण्याचे नेम केले ते चार महिन्यांच्याच मुदतीचे. जन्मभराचे ओझे त्यांनी डोक्यावर घेतले नाही, आणि म्हणूनच नेम पार पडून उद्यापनाचा आनंद मिळाला. महिन्यास एक-दीड किलो उतरला तरी कार्तिकीपर्यंत ४ ते ६ किलो होतात. ज्यांना वजन उतरविण्याची खरोखरच गरज आहे, त्यांनी या वर्षी असा एखादा नेम करून पाहावा. आरंभी डॉक्टरांना विचारावे. या बाबतीत ते बेनेडिक्टच्या मठाधिपतीच्या जागी आहेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी, गर्भवतींनी, हृदयविकार असलेल्यांनी तर त्यांना विचारल्यावाचून उपवासच करू नये. निर्जळी धरून चक्कर येऊन पडण्याने विठ्ठल प्रसन्न होतो, असे कोणत्याही संताने सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही.

दुसरे, सोबत शोधावी. कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक चर्चचे पाद्री रिक वॉरन यांनी २०११ साली आपल्या मंडळीसाठी 'डॅनियल प्लॅन' काढला. बायबलातील डॅनियलाने राजाघरची पक्वान्ने नाकारून दहा दिवस शाकभोजन व पाणी यांवर काढले, त्यावरून हे नाव. वॉरन यांचे स्वतःचे वजन फार वाढले होते आणि मंडळीपुढे त्यांनी ते प्रथम कबूल केले, हे आम्हांस विशेष वाटले. त्या उपक्रमाचाही मुख्य आधार होता तो आठवड्यास भेटणाऱ्या लहान-लहान मंडळींचा. आपल्या भजनी मंडळात पाच-सहा बायका एकत्र येतातच. भजन झाल्यावर दहा मिनिटे एकमेकींचा नेम विचारावा, आणि सकाळी मिळून देवळापर्यंत चालत जावे. दिंडीत थकलेला माणूसही चालतो, तो सोबतीच्या बळावर.

तिसरे, नेम मोडला तर तो सोडून देऊ नये. लग्नात जिलबी खाल्ली गेली, जाऊ द्या. आपल्या शास्त्राने प्रायश्चित्त ठेवले आहे ते पुन्हा उभे राहण्यासाठी. देवाला नमस्कार करून दुसऱ्या दिवशी नेम पुढे चालवावा. एक मुक्काम चुकला म्हणून वारकरी माघारी फिरत नाही.

पुतणीला आम्ही कळविले की, तुझ्या शेजारणीच्या वर्गाला तू अवश्य जा. ती तिची प्रार्थना म्हणेल तेव्हा तू मनात विष्णुसहस्रनामाला आरंभ कर. दोघींनी मिळून चाला. तिने आपला नेम लिहून आम्हांस पाठविला आणि उलट विचारले, "काका, तुमचा कोणता?"

प्रश्न रास्त होता. कीर्तन रात्री दहा-साडेदहाला संपते, आणि मग यजमानांच्या घरी पक्वान्नांचे ताट येते. चाळीस वर्षांत त्या ताटांनी आमच्या कमरेला जो घेर दिला आहे तो श्रोत्यांना ठाऊकच आहे. तेव्हा आमचा संकल्प असा: आजपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत कीर्तनानंतरच्या ताटाला नमस्कार, प्रसादाचा एक घास आणि पेलाभर दूध. यजमानमंडळींनी राग मानू नये व आग्रह करू नये. आणि नक्कल यापुढे करावी लागलीच, तर ती स्वतःची करू.